फाईल टाकण्याआधी नगररचनेच्या टेबलावर

एक निवृत्त शिक्षक माझ्या ऑफिसात आले. काखेत नकाशाची गुंडाळी. भाच्याने काढून दिलेला दोन मजली बंगल्याचा प्लॅन. देवघर ईशान्येला, जिना दक्षिणेला, गच्चीवर तुळशीवृंदावन कुठे येणार तेही ठरलेलं. "आता फक्त परवानगीचं तेवढं बघा," म्हणाले.

मी विचारलं, "गुरुजी, समोरचा रस्ता किती मीटरचा?"

"दोन गाड्या आरामात जातात की."

या 'की'मध्ये लोकांचे सहा-आठ महिने सहज अडकतात. घराचा नकाशा आधी आणि जागेची चौकशी नंतर, हा उलटा क्रम आपल्याकडे इतका रुळलाय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फाईल जाते, त्रुटी निघते, नकाशा बदलतो, पुन्हा फाईल, पुन्हा त्रुटी. त्यातल्या बऱ्याच त्रुटी नगररचना विभागातल्या टेबलासमोर अर्धा तास बसलं तर आधीच कळतात. तो अर्धा तास कसा वापरायचा, ते सांगतो.

आधी हे कळायला हवं की परवानगी देतं कोण. शहरात महापालिका किंवा नगरपालिका. शहराबाहेर प्राधिकरण असेल तर ते, उदाहरणार्थ पुण्याच्या भोवती पीएमआरडीए. या सगळ्याच्या मुळाशी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, म्हणजे बोलीभाषेत 'एमआरटीपी'. त्याच्या कलम 44 खाली अर्ज करायचा, कलम 45 खाली मंजुरी किंवा नकार मिळतो. घर किती उंच, किती मोठं, शेजाऱ्यापासून किती लांब, हे ठरतं विकास नियंत्रण नियमावलीवरून. पूर्वी दर शहराची नियमावली वेगळी होती. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच एकत्रीकृत नियमावली लागू आहे. ऑफिसात तिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. बृहन्मुंबई महापालिका तिच्यात नाही, मुंबईची नियमावली स्वतंत्र आहे. म्हणून दादरच्या मामेभावाने सांगितलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, सांगलीत घेऊन जाऊ नका.

इंग्लंडमध्ये अर्जाआधीचा सल्ला ही रीतसर पायरी आहे. तिथल्या बऱ्याच नगरपरिषदा त्यासाठी फी घेतात, नियोजन अधिकारी तुमचा कच्चा आराखडा बघतो आणि मत लेखी कळवतो. ते मत परिषदेवर बंधनकारक नसतं, पण कागदावर असतं. आपल्याकडे छोट्या घरासाठी सहसा अशी पायरी नसते. असतात त्या अभ्यागतांना भेटायच्या ठरलेल्या वेळा, दाराबाहेरचं बाकडं आणि आत कनिष्ठ अभियंता, ज्याच्या टेबलावर तुमच्यासारख्या पन्नास फायली आहेत. तेव्हा रीतसर पायरी नाही म्हणून कुरकुरत बसण्यापेक्षा आपली तयारी पक्की करून जावं.

रिकाम्या हाताने जाऊ नये

"माझी अमुक ठिकाणी जागा आहे, किती बांधता येईल?" या प्रश्नाला कुठलाही शहाणा अभियंता उत्तर देणार नाही. दिलंच तर ते ऐकू नका. त्याला आकडा सांगता यावा यासाठी समोर कागद लागतात. सात-बारा किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची 'क' प्रत. प्लॉट लेआउटमधला असेल तर मंजूर लेआउटची प्रत. पाडायचं जुनं घर असेल तर त्याचा मंजूर नकाशा, सापडला तर. आणि फोनमध्ये रस्त्याचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण समोरच्या कुंपणाची ओळ, कोपऱ्यावरचा खांब, नाल्यावरचा स्लॅब हे फोटोत दिसतं आणि बोलणं तिथून सुरू होतं.

मोजणीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे माणसं फसतात. गुरुजींच्या सात-बाऱ्यावर दोन गुंठे. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर, म्हणजे कागदावर 202. मोजणीत भरले 194. शेजाऱ्याचं कुंपण दहा-बारा वर्षांपूर्वी वीतभर आत सरकलं होतं आणि मागच्या बाजूला गल्लीने थोडं खाल्लं होतं. गुरुजींचं म्हणणं, "खरेदीखतात 202 आहेत, मी 202 चे पैसे मोजलेत." बरोबर आहे. पण परवानगीच्या नकाशावर क्षेत्रफळाचा जो तक्ता छापतात, त्याच्या पहिल्याच ओळीत मालकी कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि प्रत्यक्ष जागेप्रमाणे असे तीन आकडे मागतात आणि सगळ्यात कमी असेल तो धरतात. 8 चौरस मीटर म्हणजे एक छोटी खोली. शेजाऱ्याशी भांडायचं की नाही ते पुढचं, नकाशा मात्र 194 वर काढायचा.

भेटीच्या आधी दोन दाखले काढून ठेवले तर निम्मं काम होतं: झोन दाखला आणि भाग नकाशा. झोन दाखल्यावर तुमची जागा विकास योजनेत कशात पडते ते लिहिलेलं असतं: रहिवासी, शेती, हरित पट्टा, की सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या एखाद्या आरक्षणात. भाग नकाशा म्हणजे विकास योजनेच्या मोठ्या नकाशातला तुमच्या गट नंबराभोवतीचा तुकडा. अर्ज करून, फी भरून ते मिळतात. लोकसेवा हक्क कायदा, 2015 खाली अधिसूचित झालेल्या सेवांत हे दोन्ही येतात, तेव्हा "या आठवड्याने" असं तीनदा ऐकायची गरज नाही. पोचपावती मागून घ्या.

पेन्सिलीच्या रेषेची जाडी

भाग नकाशा हातात आला की माणसाला वाटतं, झालं, कळलं. तसं नसतं. गुरुजींना घेऊन मी गेलो तेव्हा आरेखकाने कपाटातून मोठी शीट काढली, टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर पंचिंग मशीन आणि पाण्याची बाटली ठेवली. गट नंबर शोधला. गुरुजींच्या प्लॉटच्या तोंडाजवळून एक बारीक रेषा जात होती. गुरुजी चष्मा कपाळावर ढकलून वाकले. "ही आमच्यातनं जाते की बाहेरनं?"

आरेखकाने पट्टी लावली. शीटचं प्रमाण 1:4000. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. आणि ती रेषा स्वतःच अर्धा मिलिमीटर जाड होती! म्हणजे नुसत्या रेषेच्या जाडीतच दोन मीटर जमीन गेली. रेषेच्या या काठाने बघितलं तर गुरुजींचं कुंपण सुटतं, त्या काठाने बघितलं तर फाटकाचे खांब रस्त्यात येतात.

हे कागदावर सुटत नाही. त्यासाठी जागेवर आखणी करून घ्यावी लागते. विभागाचा सर्व्हेअर येतो, पक्क्या खुणांपासून मोजतो आणि रस्त्याची हद्द जमिनीवर दाखवून देतो. भेटीतून नेमकं हे कळणं म्हणजेच भेटीचा फायदा: आपल्या जागेचा प्रश्न नियम वाचून सुटणारा आहे, की फीत धरून मोजल्याशिवाय सुटणार नाही? गुरुजींना आधी वाटत होतं की त्यांचा प्रश्न वास्तुशास्त्राचा आहे.

रस्त्यावर इतका का अडून बसतो, तर बाकी जवळजवळ सगळं त्याला टांगलेलं असतं. यूडीसीपीआरमध्ये गावठाणाबाहेरच्या रहिवासी भागात मूळ एफएसआय 1.10 आहे. 194 चौरस मीटरला 1.10 ने गुणा, 213 येतात. त्यावर पैसे भरून घराला 60 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, म्हणजे जिना, बाल्कनी अशांसाठीचं जादा बांधकाम, मिळू शकतं. पण रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ आकडा तिथेच थांबतो. 9 मीटर किंवा जास्त असेल तर प्रीमियमचा, म्हणजे पैसे भरून घ्यायचा जादा एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरण्याचं दार उघडतं, आणि रस्ता रुंद होत जाईल तसं ते अधिक उघडतं. दाट वस्तीच्या जुन्या गावठाणाचं गणित वेगळं. म्हणून 'दोन गाड्या आरामात' चालत नाही, मीटर लागतात. तेही आजचे आणि उद्याचे, दोन्ही.

उद्याचे म्हणजे काय? गुरुजींचा रस्ता जागेवर साडेसात मीटरचा. अभियंता मॅडमनी दुसरं एक रजिस्टर काढून दाखवलं की त्या गल्लीला 9 मीटरची रस्ता रेषा आखलेली आहे. महापालिका कायद्याच्या कलम 210 खाली अशी रेषा आखता येते, ती विकास योजनेच्या मूळ नकाशावर असेलच असं नाही. दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर. गुरुजींचा प्लॉट दहा मीटर रुंद, म्हणजे साडेसात चौरस मीटरची पट्टी रस्त्याला. तिचा मोबदला एफएसआयच्या रूपात मिळू शकतो, फुकट जात नाही. पण समोरचं सामासिक अंतर, म्हणजे घरापुढे मोकळी सोडायची जागा, आता नव्या रेषेपासून मोजायची. भाच्याच्या नकाशातला पुढचा व्हरांडा त्या मोकळ्या जागेत येऊन बसला होता.

गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलं नाही." मॅडम म्हणाल्या, "सर, कुणी विचारलं नाही."

काय विचारायचं

भेटीत मंजुरी मागू नये. "होईल ना आमचं काम?" हा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. समोरच्याला 'हो' म्हणायचा अधिकार नसतो आणि 'नाही' म्हणायची हौस नसते. विचारायचं ते हे, की या जागेवर मला अडवणारी कोणती गोष्ट तुम्हाला दिसते? लेआउट मंजूर आहे का, की नुसते पाडलेले तुकडे आहेत? तुकडे असतील तर प्रकरण गुंठेवारीत जातं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा, आणि पुढच्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली. तुकडा त्यात बसत असेल तर आधी ते नियमित करायचं, घर नंतर. आरक्षण आहे का, आणि असेल तर किती साली योजना मंजूर झाली? हे साल लिहून घ्या. योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर एमआरटीपीच्या कलम 127 ची नोटीस देता येते. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं समजलं जातं. पण हा रस्ता वकिलाच्या दारातून जातो.

मग बाहेरच्या खात्यांचं विचारायचं. कोणकोणाची ना हरकत लागेल? रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत असाल तर रेल्वेची लागते. विमानतळ जवळ असेल तर कुठे किती उंच बांधता येतं ते दाखवणारा रंगीत नकाशा बघावा लागतो. संरक्षित स्मारकाची बाब तर पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या लोकांना पाठ झाली आहे: केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरला पुरातत्त्व खात्याच्या यंत्रणेची परवानगी. तिथे महापालिकेच्या अभियंत्याची कितीही इच्छा असली तरी त्याच्या हातात काही नाही, आणि हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

नदीकाठच्यांनी पूररेषेचं विचारल्याशिवाय टेबल सोडू नये. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल यामध्ये अटींवर बांधता येतं, जोतं उंच घ्यावं लागतं. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. "आमच्या गल्लीत कधी पाणी येत नाही" हे वाक्य तिथे आता कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. एजंटाने दाखवलेल्या प्लॉटवर नदीची गार हवा येत असेल तर त्या हवेचं कारण आधी तपासा.

ऑफिसातली भाषा

इतक्या वर्षांच्या बाकड्यावरच्या बसण्यातून मला एक छोटा शब्दकोश मिळाला आहे. "टाका फाईल, बघू" याचा अर्थ, मला आत्ता बघायला वेळ नाही. "होऊन जाईल" याचा अर्थ, नियमात आहे असं वाटतं, पण शपथ घेणार नाही. "वर विचारावं लागेल" म्हणजे नियमाचे दोन अर्थ निघतात आणि कोणता लावायचा ते सहायक संचालक ठरवणार. हे ऐकलं की सावध व्हा, कारण तुमचा प्रश्न खरा आहे. "तुमचे आर्किटेक्ट कोण?" ही धमकी नाही, नियमाची भाषा समजणारा माणूस पाठवा, एवढंच. आणि बाहेर चहाच्या टपरीवर कुणी "आतलं मी बघतो" म्हणाला, तर तो आतला नाही.

आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याला बरोबर नेलंत तर उत्तमच, पण मालकाने स्वतः जावं असं माझं ठाम मत आहे. आम्ही लोक मधे बसून उत्तरं मऊ करून सांगतो, ग्राहक नाराज होऊ नये म्हणून. व्हरांडा जाणार हे गुरुजींनी माझ्या तोंडून ऐकलं असतं तर दुसरा इंजिनिअर गाठला असता. रजिस्टरवर स्वतः पाहिलं, म्हणून पटलं.

तोंडी उत्तराचं वजन मात्र ओळखून असावं. अभियंता बदलून जातो, निवडणूक लागते, नवा साहेब येतो. "मागच्या साहेबांनी चालेल म्हटलं होतं" हे नियमापुढे टिकत नाही, न्यायालयातही नाही. म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी एक पानाचं पत्र लिहायचं: अमुक तारखेला भेटलो, अमुक गट नंबर, रस्ता रेषा 9 मीटर असल्याचं सांगण्यात आलं, तसं असल्यास लेखी कळवावं आणि जागेवर आखणी करून द्यावी. आवक विभागात देऊन शिक्का घ्यायचा. उत्तर येईलच असं नाही. नाही आलं तर माहितीच्या अधिकारात त्या रजिस्टरच्या पानाची प्रत मागता येते. मत मागू नका, प्रत मागा. मत द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, प्रत द्यायला आहे.

आणखी एक गैरसमज. काही जण समजतात की भेट झाली, पत्र दिलं, म्हणजे दिवस मोजायला सुरुवात झाली. नाही. कलम 45 मधले 60 दिवस रीतसर अर्ज पोचल्यापासून मोजतात. विभागाने मधे काही माहिती मागितली असेल तर तुमचं उत्तर पोचल्यापासून. तेवढ्या दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद कायद्यात आहे, पण नकाशा विकास योजनेत आणि नियमात तंतोतंत बसत असेल तरच. या तरतुदीवर विसंबून खड्डा खणायला घेणाऱ्याला मी हात जोडतो. 150 चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या प्लॉटसाठी कमी जोखमीची म्हणून सोपी पद्धत आहे, तिची चौकशी जरूर करा. सोप्या पद्धतीतही रस्ता रेषा आणि पूररेषा जागच्या हलत नाहीत.

गुरुजींच्या घरी महिनाभराने आखणी झाली. फाटकाचा डावा खांब रेषेत आला, उजवा वाचला. नकाशा नव्याने काढला: व्हरांडा गेला, जिना मागे सरकला, देवघर ईशान्येलाच राहिलं, तुळशीवृंदावनाला कुणी हात लावला नाही. फाईल दिवाळीनंतर टाकली. त्रुटी एकच निघाली. सात-बाऱ्यावर गुरुजींच्या वडिलांच्या नावात पहिली वेलांटी होती, आधार कार्डावर दुसरी. लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसील कार्यालयात अर्ज करावा लागला. तो सात-बारा टेबलावर आम्ही तिघांनी वाचला होता, आणि त्यातला एक जण 30 वर्षं मराठी शिकवत होता.